एकाच तारखेचे दोन कायदे : गोव्यातली फाशी, तिच्यावरचे आक्षेप आणि ते कोर्टात मांडायची जागा

प्रश्न असा आहे : पोर्तुगीज राजवटीत गोव्यात फाशी रद्द झाली होती हे खरं का? खरं असेल तर आज गोव्यातलं कोर्ट फाशी कशी देऊ शकतं? आणि ‘जीव घ्यायचा अधिकार सरकारला नाही’ हा नैतिक आक्षेप वकिलाने न्यायाधीशांपुढे मांडला तर त्याचा काही उपयोग होतो का?

पहिल्याचं उत्तर ‘हो’. दुसऱ्याचं असं, की मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता गोव्याला लागू झाली आणि तिच्यासोबत फाशीही आली. तिसऱ्याला वेळ लागेल. कोर्टात नुसतं तत्त्व म्हणून हा आक्षेप मांडला तर कोणी दखल घेत नाही. तोच आक्षेप समोरच्या एका माणसाबद्दलचा पुरावा म्हणून, कागदांसकट आणि योग्य टप्प्यावर मांडला, तर फाशीची जन्मठेप होऊ शकते. बहुतेक वकील आणि बहुतेक नातेवाईक हा टप्पाच हुकवतात.

आधी इतिहास. १ जुलै १८६७ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी लिस्बनमध्ये दोन कायदे मंजूर झाले. एक पोर्तुगीज नागरी संहितेचा. दुसरा साध्या, म्हणजे राजकीय किंवा लष्करी नसलेल्या, गुन्ह्यांसाठीचा देहदंड रद्द करणारा, त्या वेळचे न्यायमंत्री बार्जोना द फ्रैतास यांनी पुढे नेलेला. राजकीय गुन्ह्यांची फाशी तर १८५२ मध्येच गेली होती, आणि पोर्तुगालमध्ये साध्या गुन्ह्यासाठी शेवटची फाशी १८४६ मध्ये लागुश इथे झाली होती. म्हणजे दोर वीसेक वर्षं आधीच थांबला होता, कायदा नंतर आला. बहुतेक देशांत हाच क्रम दिसतो. १८७० मध्ये नागरी संहिता गोव्यात लागू झाली आणि त्याच वर्षी देहदंडाची बंदी समुद्रापारच्या पोर्तुगीज मुलखांनाही लागू झाली. लष्करी गुन्ह्यांचा अपवाद पुढेही मागेपुढे होत राहिला, तो १९७६ च्या संविधानाने कायमचा संपला.

यातला पहिला कायदा गोव्यात अजून जिवंत आहे. सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाची सही करायला गेलेल्या जोडप्याची मालमत्ता, वेगळा करार नसेल तर, निम्मी-निम्मी धरली जाते ती त्याच संहितेमुळे. दुसरा कायदा मात्र १९६२ च्या नियमनाने भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता गोवा, दमण आणि दीवला लागू झाल्या तेव्हा मागे पडला. लग्न आणि वारसा म्हटलं की लोक हलतात, म्हणून तो कायदा टिकला. फाशीच्या बंदीसाठी रडणारं कोणी नव्हतं. केंद्राचे कायदे नव्या प्रदेशाला लावताना सरसकट यादी जोडली गेली, तीत दंड संहिता होती, आणि विषय संपला. गोव्याला एकट्यालाच असं झालं असंही नाही. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये फाशी रद्द केली होती, विलीनीकरणानंतर तिथेही ती परत आली.

इथे एक खबरदारी. हा इतिहास सांगताना पोर्तुगीज राजवट दयाळू होती असा सूर लावू नका, कारण ते खोटं आहे. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या पिंटोंच्या कटानंतर १७८८ मध्ये पणजीत पंधरा जणांना देहदंड दिला गेला. जुन्या गोव्यातला हातकातरो (हात कापायचा) खांब अजून उभा आहे. आणि कायद्याने फाशी बंद असतानाच, फेब्रुवारी १९५५ मध्ये, स्वातंत्र्यसैनिक बाळा राया मापारी पोलिसांच्या कोठडीत मारले गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, हिरवे गुरुजी आणि कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडले. फाशीचा खांब काढला म्हणून कोठडी आणि बंदूक यांचा आपोआप बंदोबस्त होत नाही. चकमकीत मारलं की टाळ्या वाजवायच्या आणि फाशीला मात्र विरोध करायचा, हा आजचा दुटप्पीपणाही त्याच जातीचा.

आता आक्षेप. नैतिक आक्षेपांची यादी मोठी आहे, पण सगळे सारख्या वजनाचे नाहीत. ‘जीव देवाने दिला, देवानेच न्यावा’ हा आक्षेप मनापासून असतो, पण ज्याची तशी श्रद्धा नाही त्याच्यापुढे तो थांबतो. चर्चने २०१८ मध्ये आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात बदल करून देहदंड कोणत्याही परिस्थितीत अमान्य ठरवला. गोव्यात याचा उल्लेख होतो आणि व्हावा. पण न्यायाधीश संविधानाला बांधील असतात.

आपल्याकडचा सर्वांत नेमका आक्षेप शांतिपर्वात आहे, आणि तो फार थोडे लोक वापरतात. राजा द्युमत्सेनाच्या आज्ञेने काही जणांना वधासाठी नेलं जात असतं. राजपुत्र सत्यवान, सावित्रीचा नवरा तोच हा, बापाला अडवतो. धर्म कधी अधर्म होतो आणि अधर्म कधी धर्म, पण वध हा धर्म कधीच होऊ शकत नाही, असं तो म्हणतो. पुढे तो व्यवहाराचं बोलतो : चोराला मारलंत की त्याची बायको, आई, बाप, पोर यांनाही मारल्यासारखंच आहे, आणि त्यांनी काही केलेलं नसतं. द्युमत्सेनाचं उत्तरही वाचण्यासारखं आहे. पूर्वी नुसत्या धिक्काराने माणूस सुधारायचा, मग दंड लागला, आता वध लागतो, काळ बदलला, असं त्याचं म्हणणं. आजही प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर नेमकं हेच ऐकू येतं. म्हणजे ‘हल्लीच काळ बिघडला’ ही तक्रार निदान महाभारताइतकी जुनी आहे.

उलट बाजूने नेहमी रामशास्त्री पुढे केले जातात : नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. पण त्या गोष्टीचा जीव कुठे आहे ते पाहा. शास्त्रीबुवांनी सत्तेवर बसलेल्याला ते सुनावलं, म्हणून ती गोष्ट आजवर सांगितली जाते. आज फाशी सुनावली जाते ती कोणाला? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरच्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. राघोबादादा त्या यादीत सापडत नाहीत.

ज्या आक्षेपाला उत्तर नाही तो एकच : चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही. ही कल्पनेतली भीती नाही, कायद्यालाच ती माहीत आहे. खोटी साक्ष दिल्यामुळे निरपराध माणसाला फाशी झाली तर साक्षीदारालाही देहदंड देता येईल, अशी तरतूद जुन्या दंड संहितेच्या कलम १९४ मध्ये होती आणि आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २३० मध्ये आहे. निरपराध माणूस फासावर जाऊ शकतो हे संहिता लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरलं आहे.

दोन प्रकरणं जवळून बघा, दोन्ही महाराष्ट्रातली. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये दरोडा आणि खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये प्रकरण पुन्हा उघडून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चौघे ओळखले होते आणि तो धागा तपासलाच गेला नव्हता. तिन्ही पायऱ्या चढून झाल्यावरची ही चूक आहे. या मधल्या दहा वर्षांत दोर ओढला गेला असता तर २०१९ चा निकाल कोणाच्या हातात द्यायचा होता?

दुसरं पुण्याचं, १९९४ च्या खुनांचं. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये फाशी कायम केली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी आरोपी अवघा साडेबारा वर्षांचा होता. आधार काय, तर राजस्थानातल्या त्याच्या शाळेचं रजिस्टर. खटल्यात त्याचं नाव थोडं वेगळं लागलं होतं, वय अंदाजाने लिहिलं होतं, आणि तो अंदाज सगळ्या निकालांतून तसाच पुढे चालत राहिला. तो सुटला तेव्हा अठ्ठावीस वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला होता. कागद एवढाच होता, एक शाळेचा दाखला.

जरब बसते का, यावर फार वेळ घालवू नये. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि त्यांवरून फाशीमुळे खून कमी होतात की नाही हे ठरवताच येत नाही, असा निष्कर्ष काढला. आपल्या विधी आयोगानेही २०१५ च्या २६२ व्या अहवालात जरबेचा मुद्दा सिद्ध होत नाही असंच म्हटलं, आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. लहान मुलांवरच्या अत्याचारात तर उलटाच धोका आहे. आरोपी बहुधा घरातला किंवा ओळखीचा असतो. ‘मामाला फाशी होईल’ म्हटलं की घर तक्रार दाबतं.

फाशीच्या बाजूचा खरा जोरकस मुद्दा जरबेचा नाहीच, तो न्यायाचा आहे : काही कृत्यं इतकी भयंकर असतात की दुसरी कुठलीही शिक्षा अपुरी वाटते. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला हे वाटणं चुकीचं आहे असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही. माझं म्हणणं एवढंच, की ‘त्याने भयंकर केलं’ आणि ‘त्याला मारायला आपण ही यंत्रणा बाळगावी’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्या वाक्याला पैसा, माणसं आणि हात लागतात. तुरुंग नियमावल्या वाचून पाहा. कैद्याचं वजन करायचं, त्याच्या दीडपट वजनाच्या वाळूच्या पोत्याने दोराची चाचणी घ्यायची, वजनानुसार साधारण १.८ ते २.४ मीटर झेप, म्हणजे खाली पडायचं अंतर, ठरवायची. झेप कमी पडली तर मान मोडत नाही, माणूस गुदमरून सावकाश मरतो. जास्त झाली तर धड वेगळं होऊ शकतं. मग अर्धा तास देह तसाच ठेवायचा आणि डॉक्टरने मृत्यूचा दाखला द्यायचा. ज्याने जीव वाचवायचं शिक्षण घेतलं तो नाडी थांबली का हे पाहायला उभा. हे सगळं शांतपणे, तारीख ठरवून, सरकारी कागदावर.

आता कोर्टात. इथेच सगळं घडतं किंवा बिघडतं.

खुनाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली देहदंड किंवा जन्मठेप आहे. १९५५ पर्यंत फाशी हा नियम होता आणि ती न दिल्यास न्यायाधीशांना कारण लिहावं लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे उलटं केलं : जन्मठेप हा नियम, फाशीसाठी ‘खास कारणं’ लिहायची. तीच तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९३ मध्ये आहे. १९८० च्या बच्चनसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनात्मक ठरवली, पण ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच, आणि गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहून. त्यामुळे ‘फाशी अनैतिक आहे, म्हणून देऊ नका’ असं सत्र न्यायाधीशांना सांगणं व्यर्थ आहे. तो प्रश्न त्यांच्या अधिकारात नाही. त्यांच्या अधिकारात आहे तो प्रश्न असा : हा माणूस सुधारण्यापलीकडे गेला आहे का, आणि तसा पुरावा आहे का? २००९ च्या बरियार निकालाने स्पष्ट केलं की सुधारणा शक्य नाही हे दाखवायची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. नैतिक आक्षेप या प्रश्नातूनच आत जातो.

व्यवहारात काय होतं ते पाहा. सकाळी दोषी ठरवल्याचा निकाल होतो. जेवणानंतर ‘शिक्षेबद्दल काही सांगायचंय?’ असं विचारलं जातं. आरोपी पिंजऱ्यातून हात जोडून म्हणतो, ‘साहेब, गरीब आसा. घरांत म्हातारी आवय आसा. दोन भुरगीं आसात.’ (घरी म्हातारी आई, दोन मुलं.) ते इंग्रजीत दोन ओळींत उतरतं. वकील वय आणि पहिलाच गुन्हा असल्याचं सांगतो. सरकारी वकील गुन्ह्याच्या क्रूरतेवर अर्धा तास बोलतो. संध्याकाळपर्यंत शिक्षा. निकालपत्रात गुन्ह्याची बाजू दहा पानं आणि माणसाची बाजू एक परिच्छेद अशी भरते, कारण माणसाबद्दल रेकॉर्डवर काही आलेलंच नसतं.

हे टाळायला निकालाच्या दिवशी खिशात तयार अर्ज हवा. शिक्षेवरील सुनावणी, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ च्या दुसऱ्या उपकलमाखालची, वेगळ्या तारखेला ठेवावी, हे पहिलं मागणं. दुसरं : मे २०२२ च्या मनोज निकालानुसार सरकार पक्षाने आरोपीचं वय, लहानपणची आणि आजची कौटुंबिक परिस्थिती, शिक्षण, कामधंदा, उत्पन्न, पूर्वीचे गुन्हे, मानसिक आजार यांची माहिती आणि मानसोपचार तज्ज्ञांचा ताजा अहवाल द्यावा. तिसरं : तुरुंग अधीक्षकांकडून वर्तणूक, काम आणि शिक्षण यांचा अहवाल मागवावा. ही तीन मागणी लेखी नसतील तर ‘वकिलांनी काही मागितलंच नाही’ असं पुढे वरच्या कोर्टात म्हटलं जातं. त्याच दिवशी शिक्षा सुनावणं चालेल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला आहे. अर्जात तेही लिहा.

मग माणूस शोधायचा. गोव्यात अडचण ही, की आरोपी पुष्कळदा बाहेरचा मजूर असतो. त्याचं बालपण कर्नाटकात, ओडिशात किंवा झारखंडात पडलेलं असतं. फोनवर बापाला विचारून भागत नाही. गावी माणूस पाठवावा लागतो. आणायचं काय? शाळेच्या रजिस्टरची प्रमाणित नक्कल, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दवाखान्याचे जुने कागद, डोक्याला मार लागला असेल तर त्याची केसपेपरवरची नोंद, घरातल्या मृत्यूंच्या नोंदी, कामावर ठेवलेल्या ठेकेदाराचा जबाब. वयाबाबत बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर पंचायत किंवा पालिकेचा, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. गुन्ह्याच्या वेळी वय अठराच्या आत निघालं तर फाशीचा प्रश्नच संपतो, आणि हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरही काढता येतो. म्हणून वयाचा कागद सर्वांत आधी.

मानसिक तपासणीसाठी बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयाकडे पाठवण्याची विनंती करता येते. तिथली नेहमीची चूक अशी की एका भेटीत, हिंदीत, वीस मिनिटांत तपासणी उरकते आणि ‘खटला समजण्यास सक्षम’ एवढं लिहून येतं. तो वेगळ्या प्रश्नाचा अहवाल झाला. आपल्याला हवं ते असं : बौद्धिक क्षमता किती, लहानपणी मारहाण किंवा उपासमार झाली का, व्यसन कधीपासून, आज तुरुंगात वागणं कसं. त्याच्या मातृभाषेचा दुभाषी लागतो, एकाहून जास्त भेटी लागतात. पहिल्या भेटीत कोणीच आपल्या घरातली लाजिरवाणी गोष्ट सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगतो, तीही बहुधा कागद मिटताना.

कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातला अहवाल तीन ओळींचा आला तर तो तसाच दाखल करू नका. वाचनालय, कामाचं वेतनपत्रक, शिकलेला अभ्यासक्रम, भेटीला कोण येतं याची नोंद, शिक्षा झालेली असल्यास तिचं कारण, हे सगळं नावानिशी मागा. खटल्याच्या काळात वर्षानुवर्षं शांत राहिलेला माणूस ‘सुधारण्यापलीकडे’ आहे असं लिहिणं न्यायाधीशांना तेवढंच अवघड जातं.

फाशी झालीच तर पुढचं काम घड्याळावर चालतं. निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळते. अपिलाची मुदत ३० दिवस. पण अपील केलं नाही तरी फाशी आपोआप अमलात येत नाही. सत्र न्यायालयाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०७ खाली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या गोवा खंडपीठाकडे पुष्टीसाठी पाठवावंच लागतं, आणि तिथे दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पहिल्यापासून तपासतात. नातेवाईकांना हे सांगायला विसरू नका, कारण फाशीचा निकाल ऐकून घरात सुतक पाळायला बसलेली माणसं असतात. वरच्या पायऱ्यांवर किती बदलतं याचा आकडा दिल्लीच्या विधी विद्यापीठाच्या त्याच अभ्यासात आहे : २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाशींपैकी जेमतेम ४.९ टक्के शेवटपर्यंत टिकल्या, सुमारे ३० टक्के कैदी निर्दोष सुटले. कारखान्यातला माल एवढ्या प्रमाणात परत आला असता तर तो कधीच बंद झाला असता.

सर्वोच्च न्यायालयानंतर फेरविचार याचिका. २०१४ पासून फाशीच्या प्रकरणात ती तीन न्यायमूर्तींपुढे खुल्या कोर्टात तोंडी ऐकली जाते. मग दयेचा अर्ज. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ ने इथे मुदती घातल्या आहेत : अपील वा फेरविचार फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज. आधी राज्यपालांकडे केला आणि तिथे नाकारला गेला तर त्यानंतर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्यपालांच्या नावाने जात असला तरी तो निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतो. म्हणजे फाइल पर्वरीच्या सचिवालयात गृह खात्यात फिरते.

दयेच्या अर्जात बहुतेकांची एकच चूक : पुराव्यावरचा वाद पुन्हा पहिल्यापासून. कोर्टाने नाकारलेलं सगळं तिथे परत ओतलं जातं. त्याऐवजी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालातले मुद्दे पाहा : अर्ज निकाली काढायला झालेला अवास्तव उशीर, मानसिक आजार, एकांतकोठडी, नंतर चुकीच्या ठरलेल्या निकालाचा आधार, प्रक्रियेतली चूक. प्रत्येकाला कागद जोडा. कोल्हापूरच्या दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली ती उशिराच्याच मुद्द्यावर, आणि तो उशीर तारखांच्या तक्त्यातून दिसला होता. तुमचाही तक्ता पहिल्या दिवसापासून ठेवा : अर्ज कधी गेला, पोच कधी आली, स्मरणपत्र कधी. नकार कळल्यानंतरही फाशीपूर्वी किमान १४ दिवस मिळालेच पाहिजेत, हेही त्याच निकालात आहे. दरिद्री कैद्याला शेवटपर्यंत विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो.

गोव्यात हमखास येणारा उपप्रश्न : पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर फाशी होत नाही ना? पासपोर्टाने काही होत नाही. गुन्हा इथे केला, पकडला इथे गेला, तर इथलाच कायदा. फरक पडतो तो माणूस पोर्तुगालमध्ये सापडला तर. त्यांच्या संविधानाच्या कलम २४ मध्ये कोणत्याही परिस्थितीत देहदंड असणार नाही असं लिहिलं आहे, आणि फाशीची शक्यता असेल तर ते आरोपी सोपवत नाहीत. आपल्या प्रत्यर्पण (आरोपी एका देशाने दुसऱ्याला सोपवण्याच्या) कायद्यातही कलम ३४-सी आहे : ज्या देशात फाशी नाही त्याने सोपवलेल्याला इथे देहदंडाऐवजी जन्मठेप. मुंबई बॉम्बस्फोट कटातल्या अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालहून आणताना भारताने फाशी न देण्याची आणि २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवास न देण्याची हमी दिली होती, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्या हमीची आठवण करून दिली. म्हणजे एकाच कटातल्या दोघांपैकी कोण कुठे पकडला गेला यावर जीव अवलंबून. मनमानीचा आक्षेप याहून ठसठशीत करून दाखवता येत नाही.

राहिला प्रश्न रद्द करण्याचा. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी फाशी पूर्णपणे रद्द करणंच या देशाला योग्य ठरेल असं मत मांडलं होतं. त्यानंतर विषय संसदेकडे राहिला तो आजपर्यंत. राज्याच्या हातात काहीच नाही असं मात्र नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे गोवा विधानसभा आपल्यापुरती दुरुस्ती मंजूर करू शकते, पण संविधानाच्या कलम २५४ खाली राष्ट्रपतींची संमती मिळाल्याशिवाय ती केंद्रीय कायद्यापुढे टिकत नाही. यापेक्षा सोपी वाट त्रिपुराने ऑगस्ट २०१५ मध्ये घेतली : विधानसभेने एकमताने केंद्राला फाशी काढण्याची विनंती करणारा ठराव केला. ठराव बंधनकारक नसतो. गोव्यात कोणी तो आणणार असेल तर नुसतं ‘फाशी रद्द करा’ लिहून पाठवू नये. कलम १०३ सारखी नेमकी कलमं, उदाहरणार्थ खुनासह दरोड्याचं ३१०(३), त्यात नावानिशी असावीत. पर्यायी शिक्षा कोणती, सवलत किती वर्षांनी किंवा नाहीच, हेही लिहावं. ‘मग चौदा वर्षांत सुटणार का?’ हा पहिला प्रश्न सभागृहात येणारच. त्याला उत्तर आहे : २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून उच्च आणि सर्वोच्च न्यायालयं सवलतीविना ठरावीक वर्षांची किंवा मरेपर्यंतची जन्मठेप देऊ शकतात, आणि २०१५ मध्ये घटनापीठाने त्याला दुजोरा दिला आहे. पर्याय पुस्तकात आधीच आहे, ठरावात तो पहिल्या पानावर यावा.